गार्गीची फुंकर

संजीवनीबाईंचं तोंड केव्हाच बरं झालं होतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचा विचारही नव्हता.

रोज सकाळी शाळेची बस यायच्या आधी गार्गी शेजारच्या ब्लॉकमधून उड्या मारत यायची. दात घासलेले, गणवेश चढवलेला आणि पोटात पाण्याचा थेंबही नाही, कारण फुंकर अनशापोटीच घालायची असा नियम. सात वर्षांची पोर आजीला खुर्चीत बसवायची, दोन्ही हातांनी तिचे गाल धरायची आणि डॉक्टरणीच्या थाटात म्हणायची, "आ कर. मोठा आ. असा नाही, पाणघोड्यासारखा."

आणि मग डोळे मिटून आजीच्या तोंडात तीन लांब फुंकरी.

ही विद्या तिच्या आईकडची. नोरा आयर्लंडच्या पश्चिम टोकाची. तिच्या गावातल्या जुन्या माणसांचा विश्वास होता की ज्या मुलानं आपल्या बापाला कधीच पाहिलं नाही, त्याच्या श्वासाला गुण असतो. तोंड आलेल्या माणसाच्या तोंडात अशा मुलानं तीन सकाळी फुंकर घातली की झालं. गार्गीनं बापाला पाहिलं नव्हतं. नोराला सहावा महिना चालू होता, तेव्हा रुचिर एका सकाळी इथे सिंगापुरात, ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठी सायकल चालवायला गेला आणि हृदय बंद पडून तिथेच संपला. संजीवनीबाईंचा धाकटा.

बाईंचं तोंड सुरुवातीला खरंच आलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पाणी पितानाही झोंबायचं. तीन दिवसांत बरं झालं. आता ते थोरल्यानं आणलेल्या गोळ्यांनी की नातीच्या फुंकरीनं, ते देव जाणे. पण चौथ्या सकाळी गार्गीनं विचारलं, "बरं वाटलं?" आणि संजीवनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अजून थोडं दुखतंय गं."

मग काय, रोजचंच झालं. गार्गीच्या श्वासाला टूथपेस्टचा वास यायचा, आणि त्याखाली आणखी एक कोवळा वास, जो रुचिर लहानपणी गळ्यात पडायचा तेव्हा यायचा. हे त्या मनातच म्हणायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनीच वेड्यात काढलं असतं. शिवाय आणखी एक आशा होती, अगदी पोरकट. नोरानं शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला होता. डिसेंबरात मायलेकी आयर्लंडला निघणार होत्या, कायमच्या. आणि गार्गी एकदा म्हणाली होती, "उपचार अर्धा टाकून जायचं नसतं, आजी. आयर्लंडची ग्रॅनी म्हणते."

मग आजीनं तोंड कशाला बरं करायचं?

पंचाईत एकच होती. तोंड आलेल्या बाईला तिखट खाता येत नाही. सगळ्यांच्या देखत दहीभात गिळायचा आणि दुपारी घर झोपलं की लसणीची चटणी चोरून खायची, अशी वेळ या वयात आली होती.

*

त्या रविवारी रुचिरचा वाढदिवस होता. या घरात रुचिरची तिथी करत नाहीत, वाढदिवस करतात. तो नोराचा हट्ट. "तो गेला तो दिवस मी कशाला लक्षात ठेवू? आला तो ठेवीन," असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती, आणि संजीवनीबाईंना ते पटलं होतं. म्हणून मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये दर वर्षी मसालेभात, भरली वांगी आणि अळूवड्या व्हायच्या. अळूची पानं थोरली सून चैत्राली टेक्का मार्केटमधून भल्या सकाळी आणायची आणि वर्षभर पुरेल इतकी किमतीवरून कुरकुर करायची.

जेवायची पानं घ्यायची वेळ झाली आणि थोरल्या प्रबोधची मैत्रेयी एका पायावर लंगडत दारातून आत आली. सोळा वर्षांची पोरगी, गुडघ्याला माती, डोळ्यांत पाणी आणि तोंडात बेफिकिरी.

"काही नाही झालं. सायकलवरून पडले. ईस्ट कोस्टला."

सायकल आणि ईस्ट कोस्ट हे शब्द एकत्र आले की या घरात सगळ्यांचा श्वास अडकतो. चैत्रालीच्या हातातली पळी खाली आली. प्रबोध ताडकन उठला.

"छातीत दुखतंय का? चक्कर?"

"बाबा, घोटा मुरगळलाय! छातीत कशाला दुखेल? चिल, लह," ती इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली.

मग तीन देशांची डॉक्टरकी सुरू झाली. प्रबोधनं बर्फाची पिशवी आणली. संजीवनीबाई आंबेहळद उगाळायला बसल्या. आणि नोरानं पर्समधून काळ्या लोकरीचा धागा काढला. इतर बायकांच्या पर्समध्ये सेफ्टी पिन असते तसा तिच्याकडे तो कायम असायचा. मैत्रेयीचा पाय मांडीवर घेऊन ती धाग्याला एकेक गाठ मारत गेली आणि ओठांतल्या ओठांत तिच्या आजीच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटत राहिली. हळदीच्या लेपावरच तिनं धागा गुंडाळला.

"हा काढायचा नाही," ती मैत्रेयीला म्हणाली. "आपोआप गळेल तेव्हा गळेल."

"शाळेत काय सांगू, काकू?"

"सांग, काकू चेटकीण आहे."

मैत्रेयी खुदकन हसली. घरात नोराच्या उपचारांची चेष्टा नवी नव्हती. काटा रुतला की ती पावाचं गरम पोटीस बांधायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बोट कापलं तेव्हा जखमेवर लावायला कोळ्याचं जाळं हवं म्हणून तिनं सगळं घर पालथं घातलं होतं आणि शेवटी रडवेली होऊन म्हणाली होती, "आई, तुमच्या घरात एकसुद्धा जाळं नाही!" संजीवनीबाईंना आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. ती त्यांनी पुण्यातल्या सगळ्या बहिणींना फोन करून सांगितली होती.

"थँक यू, नोरा," प्रबोध म्हणाला.

नोराचा हात थांबला. "दादा, असं नाही म्हणायचं. धागा बांधणाऱ्याचे आभार मानले की गुण जातो. माहितीय ना तुम्हाला?"

"आणि गुणाचं राहू दे," संजीवनीबाई सहाणेवरून मान वर करत म्हणाल्या, "घरच्या माणसाला कसलं थँक यू? ती काय पाहुणी आहे?"

"पाहुणीच आता," प्रबोध म्हणाला. "डिसेंबरात चाललीय ना."

झालं. कुणीतरी काढणारच होतं तो विषय. सणासुदीला प्रबोधनं काढला.

*

प्रबोधला भांडायचं नव्हतं. म्हणजे निदान जेवणाआधी तरी नव्हतं. पण सकाळपासून त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. गार्गी विमानतळावर काचेपलीकडे हात हलवतेय आणि मग दिसेनाशी होतेय. रुचिरला सिंगापुरात त्यानंच आणलं होतं. "ये रे, इथे मजा आहे, दोघं भाऊ एका गावात राहू," असं म्हणून. भाऊ गेला. आता त्याचं उरलंसुरलंही जाणार होतं, आणि आपण काय करायचं, तर हात हलवायचा.

"मला एक सांग," तो नोराला म्हणाला, "इथे काय कमी आहे तिला? शाळा आहे, आजी आहे, बहीण आहे. तिकडे गावात जाऊन काय करणार ती? लोक आपली पोरं घेऊन येणार आणि हिच्यापुढे आ करून उभी करणार. बुवाबाजी करायला पाठवायची का रुचिरच्या मुलीला?"

"दादा, पुरे."

"का पुरे? खरं बोललो तर?"

नोरा उभी राहिली. तिचं मराठी चांगलं होतं, पण राग आला की ते हळू व्हायचं. एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखी बोलायची.

"ही जन्मली तेव्हा पुण्याहून उल्कामावशींचा फोन आला होता. स्पीकरवर होता. मला मराठी कळत नाही असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, पोर बापाच्या मुळावर आली."

संजीवनीबाईंनी सहाण बाजूला सारली.

"त्याच दिवशी माझ्या आईचा फोन आला. ती रडत होती. मग म्हणाली, जपून वाढव हिला. अशा मुलीला देव काहीतरी हातात देऊन पाठवतो. दादा, मला माहितीय फुंकरीनं तोंड बरं होत नाही. मी सायन्स शिकवते. पण तिकडे कुणी दार वाजवून विचारतं, ती मुलगी आहे का घरी? आमच्या बाळाचं तोंड आलंय. आणि तिला आत बोलवतात, खुर्ची देतात. तिचा बाप नाही म्हणून तिला मान देतात. मला ते हवंय तिच्यासाठी. चुकतंय का?"

"मी त्या उल्काशी तेव्हापासून बोललेले नाही," संजीवनीबाई म्हणाल्या. सख्खी बहीण होती ती त्यांची.

"मला माहितीय, आई," नोरा मऊ होत म्हणाली. "तुमच्यासाठीच तर इतकी वर्षं राहिले."

प्रबोधनं आईकडे पाहिलं. बोल ना काहीतरी, असं त्याचे डोळे म्हणत होते. दोघांनी मिळून ठरवलं होतं, आज नोराला आग्रह करायचा. आणि आता आई आंबेहळदीच्या कांडीकडे बघत बसली होती.

त्याच्या मदतीला चैत्राली येईल असं त्याला वाटलं. ती आली, पण भलत्याच बाजूनं.

"जाऊ दे तिला," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"काय?"

"जाऊ दे म्हणते. तिच्या आईचे हात आखडलेत. चहाचा कप धरता येत नाही. आपल्याला काय वाटतं, आई काय फक्त तुम्हालाच आहे?"

चैत्राली सहसा असं बोलत नाही. या घरात तिचं काम म्हणजे वाढणं, आवरणं आणि भांडण झालं की "गार होतंय, बसा" म्हणणं. पण गेल्या वर्षी तिची आई सांगलीला गेली. शेवटच्या दिवसांत लेकीचा हात हातात हवा म्हणत होती, आणि चैत्राली इथे मैत्रेयीच्या परीक्षा, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि प्रबोधच्या ऑफिसची पार्टी सांभाळत होती. तिकीट काढलं तेव्हा उशीर झाला होता. कुणी तिला अडवलं नव्हतं, हेच जास्त लागलं होतं. कुणी अडवलं असतं तर भांडून तरी गेली असती.

"मला दर वर्षी सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी निवांत जाऊन राहा," ती म्हणाली. "राहिले का मी? नोरा, तू जा गं बाई. यांचं ऐकत बसलीस तर माझ्यासारखी बसशील."

नोराचे डोळे भरून आले. दोघी जावा दहा वर्षं एकमेकींशी सांभाळूनच वागत आल्या होत्या. गोड, नीटनेटकं, थोडं लांबून. आज पहिल्यांदा नोरानं पुढे होऊन तिचा हात धरला.

"पण मला इथून जायचं नाही, ताई," ती म्हणाली, आणि आता तिला नीट रडूच आलं. "हीच तर गंमत आहे ना. तिकडे जाऊन मला याचीच आठवण येणार. सकाळी हॉकर सेंटरमधल्या त्या टपरीवरच्या कॉफीची. आईंच्या ओरडण्याची. इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर रुचिर भेटतो. या बस स्टॉपला, त्या पुलावर. तिकडे तो कधी आलाच नाही. लग्न इथे झालं, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ म्हणत राहिलो. तिकडे त्याला मी कुठे शोधू?"

प्रबोध खुर्ची ओढून बसला. भांडायला काही उरलंच नव्हतं. ती जाणार होती, आणि रडत जाणार होती, आणि यात कुणाचीच चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे आम्ही इथेच राहू शकतो," एक बारीक आवाज आला.

*

गार्गी डायनिंग टेबलाखालून बाहेर आली. मोठी माणसं भांडायला लागली की ती तिथेच जाऊन बसायची. आज तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट काहीतरी मोठं गुपित राखून ठेवलेल्या मुलासारखे तिचे डोळे चमकत होते.

"मम्मा, ग्रॅनीला सांग, मी नाही येत. आय डोन्ट हॅव इट."

"काय नाहीये तुझ्याकडे?"

"गुण." ती आजीकडे वळली. "आजीचं तोंड बरंच होत नाही. मी रोज फुंकर घालते. एकदम बरोबर घालते, काही न खाता. तरी दुखतं. हो ना, आजी?"

 चैत्रालीनं सासूकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. तेव्हा बाईंना कळलं की चटणीचं हिला ठाऊक आहे, आणि हिनं इतके दिवस तोंड बंद ठेवलंय.

"मग त्याचं काय, सोन्या?" नोरानं विचारलं.

"मम्मा, तू ऐकतच नाहीस!" गार्गीनं पाय आपटला. "बाबाला पाहिलं नसेल त्याच्याच फुंकरीला गुण येतो. माझ्या फुंकरीला गुण नाही. म्हणजे मी पाहिलंय त्याला! थोडंसं. तुम्हाला कुणालाच माहीत नाही. तो आला असेल हॉस्पिटलमध्ये, मी बेबी होते तेव्हा. मला आठवत नाही, पण मी पाहिलंय."

तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढी चांगली बातमी आणि कुणीच हसत नाही, हे तिला कळेना.

नोरानं तोंडावर हात दाबून धरला होता. प्रबोध खिडकीकडे गेला. मैत्रेयी पायाच्या धाग्याकडे बघत ओठ चावत राहिली.

राहिल्या संजीवनीबाई. त्यांना एक शब्द बोलायचा होता. हो, दुखतंय. बस. पोरगी खूश, कदाचित डिसेंबरही पुढे ढकलला जाईल. नोराला त्या चांगल्या ओळखत होत्या. तू बापाला पाहिलंच नाहीस असं सांगून, मुलीच्या मनातून बाप दुसऱ्यांदा हिसकावून घेऊन ती विमानात बसली नसती. एवढं हातातोंडाशी आलेलं, आणि तेही आपल्या लबाडीनं. नको देवा, त्यांच्या मनात आलं. आणि लगेच, का नको? मला हवीय ती. माझा एक गेला, ही तरी राहू दे.

पोरगी वाट बघत होती.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

गार्गी त्यांच्या गुडघ्यांना येऊन टेकली.

"माझं तोंड बरं झालंय."

"आज?"

"नाही. केव्हाच. पहिल्या तीन दिवसांतच बरं झालं. तुझ्या फुंकरीला गुण आहे."

गार्गीनं भुवया आवळल्या. "पण तू तर म्हणायचीस दुखतं."

"खोटं बोलत होते."

"का?"

"तू रोज यावंस म्हणून. तू माझे गाल धरतेस ना, ते मला हवं असायचं म्हणून. तू गेलीस की मला फार आठवण येणार आहे गं. आत्तापासूनच येतेय."

 गार्गीच्या डोक्यात गणित चाललं होतं, आणि ते कुठे जाऊन पोचणार हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. तिला अडवायला हात पुढे करावा असं प्रत्येकाला वाटत होतं.

"मग मी बाबाला नाही पाहिलं," ती म्हणाली.

"नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"थोडंसुद्धा नाही, बाळा. त्यानंही तुला नाही पाहिलं."

तेव्हा ती रडली. सात वर्षांत या कारणासाठी पहिल्यांदाच. तोवर बाप हा तिच्यासाठी भिंतीवरचा फोटो होता आणि फुंकरीमागची गोष्ट होती. संजीवनीबाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत. त्यांनाही रडायचं होतं, त्या रडल्या. नोरा खाली फरशीवर बसून दोघींना टेकली.

"मी त्याला पाहिलंय," बऱ्याच वेळानं संजीवनीबाई म्हणाल्या. "तो जन्मला तेव्हापासून. आणि तुला पाहिलंय, तू जन्मलीस तेव्हापासून. दोघांनाही पाहिलेलं माणूस घरात आहे ना? मग विचार मला. तिकडून फोन करून विचार. कधीही, काहीही. इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल बोललेच नाही. वाटायचं, बोलले तर संपेल."

"त्याचा आवाज कसा होता?"

"फाटका. पण गायचा फार. आंघोळीला गेला की शेजारी दार वाजवायचे."

गार्गी रडता रडता हुंदका देऊन हसली. प्रबोध खिडकीपाशीच उभा होता. त्यानं पाठ न वळवता सांगितलं, "एकदा पोलीस आले होते. तुझ्या बाबाला वाटलं, तेही गाणं ऐकायलाच आले."

"दादा, खोटं," नोरा म्हणाली.

"अर्धं खरं आहे."

संजीवनीबाईंनी नोराच्या केसांवरून हात फिरवला. "ने तिला," त्या म्हणाल्या. "आई वाट बघतेय तुझी. मी अडवणार होते आज. प्रबोधला विचार, आमचं ठरलं होतं. आता नाही अडवत."

नोरानं मान हलवली. आभार मानले नाहीत. चैत्रालीनं पानं मांडली आणि कुणालाही न विचारता सासूच्या पानात अळूवड्या आणि चांगला मोठा चमचाभर लसणीची चटणी वाढली. बाईंनी ती निमूटपणे खाल्ली.

मसालेभाताच्या दुसऱ्या वाढपाला गार्गीनं पुन्हा डोकं वर काढलं. डोळे अजून लाल होते.

"आजी, मी गेल्यावर तुझं तोंड पुन्हा आलं तर?"

"तर फोन करीन."

"फोनवर फुंकर चालत नाही. मला यावं लागेल. मम्मा म्हणते, खरंच फुंकर लागली तर आपण येऊ." तिनं आजीकडे बोट रोखलं. "पण खरं सांगायचं. खोटं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," संजीवनीबाई म्हणाल्या. तिच्या डोळ्यांत बघून, अगदी मनापासून म्हणाल्या. आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात आपलं तोंड येणार आहे, हे त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं.